दुपारी चारला बसता येईल अशी जागा: वस्तीतल्या मोकळ्या भूखंडाचा आराखडा ऊन-पावसाच्या हिशेबाने

वस्तीतला मोकळा भूखंड बाग म्हणून विकसित झाला की तिथे काय येणार हे आपल्याकडे जवळपास ठरलेलं असतं. भोवती कंपाउंड, आत पेव्हर ब्लॉकची वाट, मधोमध हिरवळ, कडेला ग्रॅनाइटची बाकं, एक कारंजं, दर्शनी बाजूला कोनशिला. सकाळी सहा ते आठ चालायला येणारे असतात, संध्याकाळी सातनंतर मुलं आणि आजी-आजोबा. मधले अकरा तास जागा ओस. एप्रिल-मेमध्ये बाकाला हात लागला तरी चटका बसतो आणि जुलैत त्याच वाटेवर शेवाळ धरतं.

खरं तर त्या मधल्या तासांतच वस्तीतल्या कितीतरी माणसांना बसायला जागा हवी असते. दोन घरांची कामं उरकून तिसऱ्या घरी जायची वाट बघणाऱ्या मावशी, जेवणाचे डबे पोचवणारी पोरं, रिक्षावाले, भाजीची हातगाडी लावणारे, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आया. पैसे न मोजता सावलीत टेकायला मिळावं एवढीच त्यांची मागणी असते. म्हणून मी प्रत्येक आराखडा दोन वेळांवर तपासते: मे महिन्यातली दुपारी चारची वेळ आणि जुलैतल्या संततधारेची सकाळ. या दोन्ही वेळी माणूस तिथे बसू शकला, तर बाकीचं वर्ष आपोआप सांभाळलं जातं.

पुढचे टप्पे प्रभागात काम करणारे गट, सोसायटीच्या समित्या, वाढत्या गावांच्या ग्रामपंचायती आणि नवखे वास्तुविशारद, सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. उदाहरणादाखल पुण्यातला दहा गुंठ्यांचा, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरचा भूखंड धरू.

टप्पा १: कागद काढण्याआधी जागेवर चार वेळा जा

सकाळी ९, दुपारी १२.३०, ४ आणि ५.३०. शक्यतो एप्रिल-मेमध्ये, आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन. सोबत खडू, दोरी, एक मीटरची काठी आणि भूखंडाचा मोठ्या कागदावर काढलेला नकाशा ठेवा. प्रत्येक वेळी शेजारच्या इमारतीची, भिंतीची, झाडांची सावली कुठवर आली ते खडूने जमिनीवर आखा आणि नकाशात वेगळ्या रंगाने भरा. चारही रंग एकावर एक चढले की कुठे दिवसभर ऊन आहे आणि कुठे आयती सावली मिळते ते तुमच्या समोर येतं.

त्याच नकाशावर आणखी तीन गोष्टी टिपा. माणसं आज कुठे बसतात: दुकानाची पायरी, गटाराचा कठडा, उभ्या टेम्पोची सावली. लोक भूखंड ओलांडून कुठून कुठे जातात. मातीत पडलेली पाऊलवाट हा सगळ्यात खरा आराखडा असतो, तो पुसू नका. आणि पावसात पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं.

उताराचा अंदाज घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाण्याने भरा आणि दोघांनी दोन टोकांना धरा. अर्ध्या दिवसात सगळ्या भूखंडाचे चढउतार कागदावर येतात.

टप्पा २: सूर्याचा हिशेब

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपण उष्ण कटिबंधात राहतो म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. पुण्यात तो मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतो, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुलं अंगणात काठी रोवून बघतात तो हाच. पुण्यात या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे भिंतीच्या उत्तर अंगाला बारमाही सावली मिळेल, हा समज मे महिन्यात खोटा ठरतो.

दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात आडवं छप्पर किंवा झाडाचा घेर, एवढंच कामाला येतं. चारनंतर हिशेब पूर्ण बदलतो. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवर असतो, जवळपास थेट पश्चिमेला. सावली वस्तूच्या उंचीच्या सव्वापटीला थोडी कमी, पूर्वेकडे. पाच वाजता सूर्य २७ अंशांपर्यंत उतरतो आणि सावली उंचीच्या दुप्पट होते.

आता नेहमीची शेड डोळ्यांसमोर आणा: तीन मीटर उंच, दोन मीटर रुंद, खाली मधोमध बाक. चार वाजता तिची सावली बाकावर नसतेच. बाकाच्या पातळीवर ती सुमारे तीन मीटर पूर्वेला सरकलेली असते. माझ्या एका सुरुवातीच्या आराखड्यात नेमकं हेच झालं होतं. शेड देखणी होती आणि छायाचित्रंही छान आली होती. मे महिन्यात चार वाजता जाऊन पाहिलं तर बाकं उन्हात रिकामी होती आणि सावली शेजारच्या हिरवळीवर पडली होती. तिथे, सरकत्या सावलीबरोबर स्वतः सरकत, दोन बायका गवतावर बसल्या होत्या. बाक कुठे असायला हवं होतं हे त्यांनी मला न बोलता दाखवलं.

यातून निघालेले नियम असे. अरुंद शेड उत्तर-दक्षिण लांब ठेवली तर बाक तिच्या पूर्व कडेच्याही बाहेर न्यावं लागतं. शक्य असेल तर शेड पूर्व-पश्चिम लांब आणि किमान सहा मीटरची करा, म्हणजे सावली सरकली तरी छपराखालचा पूर्वेकडचा भाग वापरता येतो. पश्चिम बाजूला छपराच्या कडेपासून बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत उभी जाळी, बांबूची ताटी किंवा वेलीचा पडदा द्या. मात्र पक्की भिंत बांधू नका, त्याचं कारण वाऱ्याच्या टप्प्यात येईल.

थंडीसाठी उलटा हिशेब. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात मध्यान्हीही सूर्य ४८ अंशांवरच असतो आणि सावली उत्तरेकडे जवळजवळ उंचीइतकी पडते. कोवळ्या उन्हाला बसणाऱ्या वयस्कर माणसांसाठी पूर्व-आग्नेयेकडे उघडा असलेला एक तुकडा मोकळा सोडा. सगळी जागा सावलीने भरून टाकली तर डिसेंबरात तीच माणसं रस्त्याच्या कडेला उन्हात खुर्ची टाकून बसतात.

टप्पा ३: मे महिन्यात पानं असणारी झाडं

झाड निवडताना फुलांआधी एक प्रश्न विचारा: एप्रिल-मेमध्ये याच्या अंगावर पानं असतात का? बहावा मला मनापासून आवडतो, पण ऐन उन्हाळ्यात तो फुलांनी लगडलेला आणि पानांनी विरळ असतो. पळसाचं तेच. गुलमोहर मादागास्करहून आलेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो बोडका असतो, आणि त्याची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ असल्याने वळवाच्या वादळात तो हमखास पडतो. ही झाडं शोभेसाठी कडेला लावा, सावलीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. रॉयल पाम आणि त्याचे भाऊबंद तर या हिशेबात बसतच नाहीत. विजेच्या खांबाएवढीच त्यांची सावली.

सावलीचे खरे मानकरी म्हणजे कडुनिंब, करंज, वड, पिंपळ, चिंच, बकुळ, आंबा, जांभूळ. कडुनिंब आणि करंज पानं गाळतात, पण उन्हाचा कडाका वाढेपर्यंत नवी पालवी फुटलेली असते. चैत्रातल्या करंजाची ती ओली, चकचकीत, पोपटी सावली ज्याने अनुभवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. बकुळ सदाहरित पण सावकाश वाढणारी, म्हणून ती आज लावायची नातवंडांसाठी. जांभळाची फळं जूनमध्ये फरशीवर फुटून निसरडं करतात, तेव्हा त्याच्याखाली माती ठेवा, वाट नको. वड-पिंपळाला भिंती आणि नळांपासून लांब, भरपूर जागा द्या. सप्तपर्णी आपल्या शहरांत फार लागली. दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांच्या उग्र वासाने अनेकांची डोकी धरतात, म्हणून बाकांजवळ ती नको. एकाच जातीची रांग लावायचा मोहही टाळा. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाची कीड लागली तेव्हा रांगच्या रांग वाळताना लोकांनी पाहिली आहे.

झाड कुठे लावायचं हे पुन्हा सावलीच्या गणितावर ठरतं. आठ मीटर उंचीचं, अडीच मीटरवर फांद्या फुटलेलं करंजाचं झाड घ्या. चार वाजता त्याची सावली बुंध्यापासून पूर्वेला सुमारे तीन ते नऊ मीटरच्या पट्ट्यात पडते, पाच वाजता पाच ते सोळा मीटरच्या. म्हणजे झाडांच्या रांगेपासून पूर्वेला पाच ते आठ मीटरवर ठेवलेलं बाक चारलाही सावलीत आणि पाचलाही. दुपारी बारा-एकला बसायची जागा मात्र बुंध्यालगत हवी. म्हणून मी नेहमी भूखंडाच्या पश्चिम कडेला मोठ्या झाडांची रांग, तिच्या बुडाशी कट्टा आणि सहा-सात मीटरवर बाकांची दुसरी ओळ, अशी मांडणी करते. दुपार सरते तशी माणसं कट्ट्यावरून बाकांकडे सरकतात.

दोन झाडांमध्ये आठ ते दहा मीटर अंतर ठेवा. खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्या, मग पोयटा माती आणि शेणखत भरा आणि एक-दोन चांगले पाऊस झाले की जूनअखेर-जुलैत लागवड करा. रोप माणसाहून उंच घ्या. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत हाच दंडक घालून दिला. आहे त्या झाडांना हात लावायची वेळ आली तर महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. पण कायद्याच्या आधी साधं शहाणपण: भूखंडावर एक जरी मोठं झाड असेल, तर सगळा आराखडा त्याच्याभोवती फिरवा. तुम्ही दहा वर्षांनी जे मिळवणार आहात ते तिथे आज उभं आहे.

टप्पा ४: झाड वाढेपर्यंतची दहा वर्षं

या काळासाठी मांडव घाला. बांबू किंवा लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर वेल: मधुमालती, कृष्णकमळ, संक्रांतवेल. दोन पावसाळ्यांत मांडव भरतो. शेडनेटचा पर्याय जलद आहे. नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलला थांबणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी हिरव्या जाळ्या ताणतात, त्याच जातीचा. पण जाळी एकसंध ताणू नका. पट्ट्यापट्ट्यांनी, मध्ये हातभर फट ठेवून, कडीत अडकवता आणि काढता येईल अशी बांधा. वळवाचा एक झोत एकसंध जाळीचं शीड करतो आणि खांबासकट उपटतो. जूनमध्ये उतरवून ठेवायची, फेब्रुवारीअखेर पुन्हा चढवायची, ही जबाबदारी कुणाची ते पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

पत्र्याचं छप्पर टाळता आलं तर टाळा. तापलेला पत्रा खाली बसलेल्याच्या डोक्यावर तव्यासारखा उष्णता ओततो. पत्राच घालायचा असेल तर वरून पांढरा रंग द्या आणि वीतभर अंतर सोडून खाली बांबूच्या चटईचा दुसरा थर बांधा, मधून वारा वाहू द्या. पारदर्शक पॉलिकार्बोनेटखाली तर सावलीही धड मिळत नाही. मंगलोरी कौलं मिळाली तर त्यांच्यासारखं काही नाही.

टप्पा ५: पायाखालची जमीन

ज्या जमिनीवर सावली नाही ती झाकू नका, आणि झाकावी लागलीच तर फिकट, खडबडीत वस्तूने झाका. काळा ग्रॅनाइट आणि गडद पेव्हर ब्लॉक दिवसभर उष्णता पितात आणि सूर्य मावळल्यावर ती बसणाऱ्याला परत देत राहतात. पांढरीशुभ्र फरशीही नको, डोळे दिपतात. शहाबादी फरशीची खडबडीत बाजू वर, कोकणात जांभा, आणि जिथे फक्त चालायचं आहे तिथे दाबून बसवलेला मुरूम, एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

निविदेत एक कलम काळजीपूर्वक वाचा. पेव्हर ब्लॉक पाणी मुरू देतात म्हणून घेतले जातात आणि मग त्यांच्याखाली काँक्रीटचा थर ओतला जातो. तिथेच मुरण्याचा विषय संपतो. खाली खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) एवढंच लिहून घ्या, काँक्रीटचा थर वगळून. काळी माती असेल तर आणखी एक काळजी: ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी दोन वर्षांत हलते. वरची काळी माती काढून मुरमाची भर घालावी लागते. काढलेली माती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यांत ती सोन्यासारखी आहे.

टप्पा ६: पाण्याची वाट

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या दहा गुंठ्यांवर तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर ५०,००० लिटर, दर सेकंदाला जवळजवळ १४ लिटर. सगळी जागा फरशीने झाकली असेल तर हे सगळं पाणी रस्त्यावर जातं. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो कुठल्याच बागेच्या आवाक्यातला नाही. पण नेहमीच्या जोरदार सरींचं पाणी आपल्या हद्दीत थोपवणं प्रत्येक भूखंडाला जमू शकतं.

वाटांना दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर ढाळ द्या, गटाराकडे नव्हे तर झाडांच्या आळ्यांकडे. झाडांचे वाफे वाटेपेक्षा वीतभर खोल ठेवा. आपल्याकडे ते उलटे, विटांचा कठडा बांधून उंच केले जातात, आणि मग पावसाचं पाणी बाजूने वाहून जातं आणि माळी पाइपने वाफा भिजवतो. भूखंडाच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात खडी भरलेला चर किंवा शोषखड्डा, आणि तोही भरला तर जादा पाणी पावसाळी गटारात जाईल असा वरचा मार्ग. जिथे पाणी दोन दिवसांत जिरत नाही तिथे ते थोपवू नका. आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढून उडूनही जातात.

टप्पा ७: वारा, आणि माठाची परीक्षा

आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन आणि वारा दुपारनंतर एकाच दिशेने येतात, पश्चिमेकडून. म्हणून पश्चिमेला भिंत घातली की ऊन अडतं आणि जागा कोंदटते. उंच बुंध्याची झाडं, जाळी, फटी असलेली ताटी यांनी ऊन चाळून घ्यायचं आणि वारा येऊ द्यायचा. कंपाउंडची भिंत गुडघ्याएवढी आणि वर जाळी ठेवा. यातून वारा तर येतोच, आतलं रस्त्यावरून दिसतं आणि संध्याकाळी एकट्या बाईला आत बसायला धीर येतो.

पाण्याने हवा गार होईल का, हे मी माठावरून ठरवते. ज्या गावात मे महिन्यात माठातलं पाणी छान गार होतं, म्हणजे नागपूर, अकोला, बऱ्याच अंशी पुणे, तिथली हवा कोरडी असते. तिथे तुषार, ओल्या वाळ्याची ताटी, संध्याकाळचा सडा उपयोगी पडतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीत माठ तेवढा गार होत नाही, कारण हवेतच दमटपणा आहे. तिथे तुषार सोडले तर अंगाची चिकचिक वाढते. घाम वाळेल एवढा वारा आणि दाट सावली, हाच तिथला उपाय. विदर्भातल्या एखाद्या गाजलेल्या बागेचा आराखडा उचलून ठाण्यात बसवला तर तो याच कारणाने फसतो.

कारंज्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दहा गुंठ्यांच्या बागेत ते नको. मोटार बिघडली की उरतो हिरव्या पाण्याचा हौद. त्या पैशात पाणपोई बांधा, नळाखाली सांडपाण्याची नाली काढून ती थेट झाडाच्या आळ्यात सोडा.

टप्पा ८: बसायचं कशावर

शिवाजी पार्कचा कट्टा आठवा. मैदानाभोवती फिरणारा सलग, बुटका कठडा आणि त्यावर झुकलेली झाडं. तिथे एकटा माणूसही बसतो आणि पंधरा जणांचं टोळकंही, कुणाला कमी-जास्त वाटत नाही. सुटी बाकं विकत घेण्याऐवजी असा सलग कट्टा बांधा. उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. खोली तेवढीच, आणि दोन्हीकडून बसता यावं असं वाटत असेल तर दुप्पट. कड गोल करा, वरची फरशी बाहेरच्या बाजूला किंचित ढाळात ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत टेकता येतं. झाडाभोवती पार बांधताना बुंधा आवळू नका, आत मीटरभर माती मोकळी सोडून मगच दगड रचा.

वयस्करांना कट्टा पुरत नाही. त्यांच्यासाठी पाठ आणि हात असलेली चार-सहा लाकडी बाकं ठेवा, कारण उठताना हाताला आधार लागतो. लोखंडी बाकं मेमध्ये तापतात आणि जुलैत गंजतात. चाकाच्या खुर्चीसाठी उताराची पट्टी १:१२ पेक्षा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी यापेक्षा, उभी नको, आणि फाटकातल्या त्या गोल फिरत्या अडसराऐवजी दुचाकी अडेल पण खुर्ची जाईल असे खांब लावा.

टप्पा ९: पावसाचा आडोसा

कोकणात आणि मुंबईत तर हा टप्पा उन्हाच्याही आधी यायला हवा. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. शेडची ती बाजू खाली झुकती ठेवा, छप्पर तिकडे दीड मीटर बाहेर काढा आणि उघडं तोंड पूर्वेला ठेवा. पागोळ्यांखाली खडीचा पट्टा टाका, म्हणजे चिखल उडून बसलेल्यांच्या कपड्यांवर येत नाही. हीच पश्चिमेची झुकती कड मे महिन्यात चार वाजताचं ऊनही अडवते, एका खर्चात दोन्ही कामं.

शेड बागेच्या आत लपवू नका, फुटपाथलगत ठेवा. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या खालून जाणारी कमानींची सलग ओसरी आजही चालणाऱ्याला कोरडं ठेवते. सिंगापूरच्या १८२२ च्या नगर आराखड्यात दुकानांपुढे अशीच सलग, झाकलेली ओसरी सक्तीची केली होती. दोन्ही ठिकाणी आडोसा माणसाच्या वाटेवरच आहे, त्याला वाट सोडून आडोशाकडे जावं लागत नाही. तुमच्या भूखंडालगत बसथांबा किंवा शाळेचं फाटक असेल, तर शेड तिथेच हवी.

टप्पा १०: कुलूप, मुतारी, दिवे

बऱ्याच शहरांत पालिकेची उद्यानं सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि दुपारी चारला उघडतात. म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा सावलीला कुलूप. आराखडा मंजूर करून घेताना वेळांचा ठरावही सोबतच मांडा. पूर्ण भूखंड उघडा ठेवायला विरोध झाला, तर कंपाउंडची रेषा दहा मीटर आत घ्या आणि झाडांची रांग, कट्टा, पाणपोई, आडोसा हे सगळं कुलुपाच्या बाहेर ठेवा. माझ्या अनुभवात ही मागणी बहुतेक वेळा मान्य होते.

मुतारीशिवाय बायका कुठेही तासभर बसत नाहीत, हे लक्षात ठेवून तिची जागा दर्शनी भागात, उजेडात द्या. दिवे झाडांच्या घेराच्या वर नकोत, सगळा उजेड पानांवरच अडतो; तीन-साडेतीन मीटर उंचीचे पिवळसर दिवे पुरतात.

टप्पा ११: मंजुरीच्या कागदांत काय लिहून घ्यायचं

प्रभागातल्या बैठकीला नकाशा न्याल तेव्हा सोबत तो चार रंगांचा सावलीचा कागद न्या. चर्चा लगेच आवडीनिवडीवरून हिशेबावर येते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची सोय आहे. तिथे "सुशोभीकरण" असा मोघम शब्द न घालता "पश्चिम बाजूस झाडांची रांग, सलग कट्टा, पाणपोई" असं नेमकं काम लिहा. मोघम कामाचं शेवटी पेव्हर ब्लॉकमध्येच रूपांतर होतं.

निविदेत झाडांचं कलम फक्त लागवडीचं नको, तीन वर्षांच्या जोपासनेचं हवं. मेलेलं झाड त्याच उंचीच्या रोपाने बदलायची अट आणि देयकाचा शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर.

टप्पा १२: पहिले तीन उन्हाळे

रोपांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दोन-दोन बादल्या पाणी, तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा. थोडं थोडं रोज घालू नका, मुळं वरच राहतात. आळ्यात पालापाचोळ्याचा वीतभर थर पसरा. तो जाळणाऱ्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. वाळलेल्या, धोकादायक फांद्या मेच्या मध्यापर्यंत उद्यान विभागाकडून परवानगीने काढून घ्या, आणि छाटणीच्या दिवशी तिथे स्वतः हजर राहा, नाहीतर घेरच्या घेर उतरवला जातो.

बाग उघडल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात पुन्हा खडू आणि दोरी घेऊन चार वाजता जा. सावली कुठे पडते आणि माणसं कुठे बसली आहेत ते आखा. दोन आखण्या जुळल्या नाहीत, तर बाकांचे बोल्ट काढून बाकं हलवा. म्हणूनच बाकं पहिल्या वर्षी काँक्रीटमध्ये गाडायची नसतात.